अतिथंड प्रदेशात एलएनजी प्रकल्प उभारताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुलं डिप्लोमा किंवा बीई करून तेल आणि वायूच्या प्रकल्पांवर पाइपिंग, क्वालिटी, प्लॅनिंगच्या कामाला जातात. त्यांचा अनुभव बहुतेक आखाताचा किंवा गुजरातचा, म्हणजे उन्हातला. पुढे बर्फाच्या प्रदेशातल्या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) प्रकल्पाचं वेळापत्रक मांडायची वेळ आली की सवयीने तोच क्रम लावला जातो: आधी जमीन, मग पाया, मग पाइप, मग चाचणी आणि शेवटी थंडीसाठी थोडी जास्तीची तरतूद. इथेच सगळा घोळ होतो. कोणतं काम कधी करायचं आणि कुठे करायचं, हे तिथे थंडीच ठरवते. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींमध्ये ज्यांच्याकडे अशा प्रकल्पाचं ड्रॉइंग येतं, त्यांनाही हे माहीत हवं. माल बेळगावातून निघतो तेव्हाच अर्ध्या चुका त्याच्यासोबत निघालेल्या असतात.

नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास द्रव होतो आणि त्याचं आकारमान सुमारे ६०० पटीने घटतं. दाभोळला जहाजाने उतरतो तो हाच द्रव. त्याचा पुन्हा वायू करून दाभोळ-बंगळूर वाहिनीत सोडतात आणि ती वाहिनी आपल्या जिल्ह्यातून जाते. आपण बोलतोय ते दुसऱ्या टोकाबद्दल, जिथे वायूचा द्रव करतात. तिथे दोन थंड्या असतात. एक बाहेरची, उणे ४० किंवा ५० अंशांची, जी ऋतूप्रमाणे येते-जाते. दुसरी आतली, उणे १६२ अंशांची, जी आपण तयार करतो. या दोन्हींची गल्लत होऊ द्यायची नाही.

टप्पा १: आधी कॅलेंडर, मग ड्रॉइंग

पहिला प्रश्न असा की थंडी कोणत्या जातीची आहे? नॉर्वेत हामरफेस्टजवळच्या मेलकोया बेटावर पाया खडकावर आहे आणि उबदार सागरी प्रवाहामुळे समुद्र गोठत नाही. तिथला त्रास वाऱ्याचा आणि खाऱ्या तुषारांचा बर्फ साचण्याचा. रशियात यमाल द्वीपकल्पावरच्या साबेट्ताला जमीन कायमची गोठलेली आणि समुद्रावर वर्षातले बरेच महिने बर्फ. सखालिनला समुद्री बर्फाच्या जोडीला भूकंप. एका ठिकाणचं वेळापत्रक दुसऱ्या ठिकाणी चिकटवता येत नाही.

साबेट्तासारख्या जागेचं उदाहरण घेऊ, कारण सर्वांत अवघड तीच. कागदावर बारा महिने आखा आणि प्रत्येक महिन्यासमोर चार गोष्टी लिहा: समुद्र उघडा आहे का, जमीन अवजड यंत्र पेलेल इतकी टणक आहे का, उघड्यावर वेल्डिंग करण्याजोगं तापमान आहे का, उजेड किती तास आहे. लिहिताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. समुद्रमार्ग उन्हाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, मोकळा असतो. पण त्याच काळात टुंड्रा प्रदेशातल्या जमिनीचा वरचा थर वितळून दलदल होते. जमीन टणक होते ती हिवाळ्यात. म्हणजे माल उन्हाळ्यात येणार आणि जमिनीचं काम हिवाळ्यात होणार, तेही ध्रुवीय रात्रीच्या अंधारात. हा उलटा हिशेब ज्याच्या डोक्यात बसला, त्याचं अर्धं नियोजन झालं.

मग शेवटच्या जहाजाच्या तारखेपासून मागे मोजत या. आपल्याकडे मृगाआधी घर शाकारलं नाही तर पुढचे चार महिने वर चढता येत नाही, तसंच इथे आहे. जहाज चुकलं की पंधरा दिवस जात नाहीत, अख्खा मोसम जातो. बर्फ फोडणारी जहाजं असतात, पण प्रत्येक बोजड मालासाठी ती मिळतील असं धरून चालू नका.

मागे मोजताना बेळगावपर्यंत या. साइटवर माल सप्टेंबरात हवा असेल तर तो मॉड्यूल यार्डात (प्लांटचे मोठे भाग जिथे आधीच जोडून तयार करतात तिथे) किती महिने आधी पोहोचायला हवा, चाचणी आणि पॅकिंगला किती दिवस, बंदरापर्यंत किती, हे सगळं लिहून काढा. पाठवणी नेमकी जून ते सप्टेंबरात येत असेल तर चोर्ला किंवा आंबोली घाटावर भिस्त ठेवू नका. पावसात तिथे दरडी पडतात आणि अवजड गाड्या अडकून बसतात. कोल्हापूर-पुणे महामार्गाने न्हावा शेवा गाठायचा पर्याय आधीच ठरवून ठेवा.

तपासा: वेळापत्रकात प्रत्येक मोठ्या वस्तूसमोर 'चुकल्यास पुढची संधी कधी' असा रकाना आहे का? नसेल तर ते वेळापत्रक अजून अपुरं आहे.

टप्पा २: जमीन गोठलेलीच राहू द्या

पर्माफ्रॉस्ट म्हणजे वर्षानुवर्षं न वितळणारी गोठलेली जमीन. ती गोठलेली आहे तोवर भक्कम; वितळली की चिखल. आपलं काम ती तशीच टिकवण्याचं आहे.

क्रम असा. आधी बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवर तापमापक बसवा आणि किमान एक पूर्ण वर्षाच्या नोंदी ठेवा. फक्त उन्हाळ्यातल्या किंवा फक्त हिवाळ्यातल्या नोंदींवर पायाचं डिझाइन करू नका. मग हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्याने रिग आणा, भोक पाडा, पाइल (पायाचा खांब) उभा करा, भोवती वाळू-पाण्याचं मिश्रण भरा आणि ते पूर्ण गोठू द्या. पाइलची ताकद गोठलेल्या मातीच्या पकडीतून येते. ती पकड बसण्याआधी वजन चढवलं की पाइल हळूहळू खचतो आणि हे लक्षात येतं ते वरची पाइपिंग वाकडी झाल्यावर.

गरजेच्या ठिकाणी पाइलशेजारी थर्मोसायफन बसवतात. बंद नळीत कार्बन डायऑक्साइड किंवा अमोनिया असतो. हिवाळ्यात तो खालची उष्णता वर आणून हवेत सोडतो आणि उन्हाळ्यात आपोआप थांबतो. पंप नाही, वीज नाही. इमारती आणि टाक्या जमिनीपासून उचलून खालून हवा खेळती ठेवतात ती याच कारणासाठी.

इशारा: उष्ण प्रदेशातल्या एलएनजी टाकीचं स्पेसिफिकेशन उचलून लावू नका. तिथे टाकीच्या तळाखाली मुद्दाम हीटर घालतात, कारण टाकीच्या थंडीने खालची माती गोठून फुगते आणि तळ उचलते. पर्माफ्रॉस्टवर तोच हीटर पायाखालची जमीन वितळवू शकतो. तळाची रचना त्या जमिनीच्या नोंदींवरूनच ठरली पाहिजे.

साइटवर सर्वांत जास्त दिसणाऱ्या चुका मात्र साध्या असतात. डोझरवाला रस्ता साफ करून बर्फ पाइलच्या मधल्या जागेत लोटतो. बर्फ हा उत्तम उष्णतारोधक. त्याच्या पांघरुणाखाली जमिनीला हिवाळ्याची थंडी मिळतच नाही. दुसरी चूक, कॅम्पच्या न्हाणीघराचं गरम पाणी जवळच्या खड्ड्यात सोडणं. तिसरी, उन्हाळ्यात पाइलभोवती पाणी साचू देणं. बर्फ टाकायची जागा आणि सांडपाण्याची वाट पहिल्या दिवशीच नकाशावर दाखवा.

टप्पा ३: दोन थंड्या, दोन यादी

साधं कार्बन स्टील थंडीत ठिसूळ होतं. एएसएमई बी३१.३ या पाइपिंगच्या संहितेत नेहमीच्या कार्बन स्टील पाइपला इम्पॅक्ट टेस्टविना (गार नमुन्यावर घाव घालून ठिसूळपणा तपासल्याविना) साधारण उणे २९ अंशांपर्यंतच मुभा आहे. त्याखाली कमी तापमानाचं कार्बन स्टील लागतं. त्यातला ए३३३ ग्रेड ६ हा प्रकार उणे ४५ अंशांच्या आसपास चालतो. द्रव वायूच्या तापमानाला ३०४एल सारखं स्टेनलेस, टाकीच्या आतल्या भिंतीला ९ टक्के निकेलचं पोलाद आणि मुख्य हीट एक्स्चेंजरला (वायू जिथे गार होऊन द्रव होतो त्या यंत्राला) ॲल्युमिनियम.

इथे नेहमीची फसगत अशी. लाइनच्या यादीत लिहिलेलं असतं, 'ल्युब ऑइल, चालू तापमान ६० अंश'. वाचणारा साधं स्टील घेतो. पण ही लाइन बसवल्यापासून प्रकल्प सुरू होईपर्यंत एक-दोन हिवाळे रिकामी, उणे ५० अंशांत उभी राहणार आहे. पुढेही प्लांट बंद पडला की ती गारठणार. म्हणून प्रत्येक वस्तूला दोन किमान तापमानं लावा, एक चालू असतानाचं आणि एक बंद असतानाचं. जे कमी असेल त्यावर धातू ठरवा. हाच नियम क्रेनच्या हुकाला, जिन्याच्या पोलादाला, नटबोल्टला आणि केबलला. साध्या पीव्हीसीची केबल कडाक्याच्या थंडीत वाकवली की वरचं आवरण तडकतं.

आता टेस्ट सर्टिफिकेट कसं वाचायचं ते. 'इम्पॅक्ट टेस्ट पास' एवढं वाचून कागद फाइलला लावण्याची सवय फार महागात पडते. पुढील गोष्टी बोट ठेवून वाचा. चाचणी किती अंशांवर झाली? ड्रॉइंगवर उणे ५० आहे आणि चाचणी उणे २० ला झाली असेल, तर ते सर्टिफिकेट आपल्या कामाचं नाही. तीन नमुन्यांची सरासरी आणि प्रत्येकाचा वेगळा आकडा दोन्ही दिलेत का? नमुना पूर्ण मापाचा होता की लहान? हीट नंबर (धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक) कास्टिंगवरच्या शिक्क्याशी जुळतो का? आणि वेल्डिंग असेल तर वेल्डचा धातू आणि शेजारचा तापलेला पट्टा यांची चाचणी वेगळी झाली का? भेग बहुतेकदा त्याच पट्ट्यातून सुरू होते.

इशारा: जिथे द्रव वायू सांडू शकतो तिथल्या साध्या पोलादाच्या तुळया आणि खांबही धोक्यात असतात. उणे १६२ अंशांचा द्रव पडला तर तुळई काचेसारखी तडकू शकते. अशा जागा शोधून तिथे संरक्षक लेप किंवा गळती झेलणारे स्टेनलेसचे ट्रे द्या.

टप्पा ४: शीतकरणाची पद्धत

इथे थोडक्यात. थंड हवेचा फायदा आहे: गॅस टर्बाइन गारव्यात जास्त शक्ती देते आणि शीतकरणाला ऊर्जा कमी लागते. पण उन्हाळा आणि हिवाळा यांतलं अंतर मोठं असतं. नुसत्या प्रोपेनने पूर्वशीतकरण केलं, म्हणजे द्रव करण्याआधी वायू थोडा गार करून घेतला, तर कडक हिवाळ्याचा पूर्ण लाभ घेता येत नाही, कारण प्रोपेनचा उत्कलनबिंदूच उणे ४२ अंश. सखालिनला दुहेरी मिश्र शीतकाची पद्धत (दोन्ही फेऱ्यांत एका शीतकाऐवजी मिश्रण) वापरली आहे. मिश्रणाचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलता येतं. टर्बाइनच्या हवेच्या तोंडाशी बर्फ न साचण्याची सोय याच टप्प्यावर ठरवा, नंतर तिला जागा उरत नाही.

टप्पा ५: यार्डात करता येईल ते साइटवर नेऊ नका

मेलकोयाचा मुख्य प्रक्रिया प्लांट स्पेनमधल्या काडिझला तराफ्यावर बांधला आणि २००५ मध्ये जहाजावर लादून नॉर्वेला नेला. यमालचीही मॉड्यूल्स दूरच्या यार्डांत तयार होऊन समुद्रमार्गे आली. कारण सरळ आहे. उबदार यार्डात जे काम एका पाळीत होतं, त्याला साइटवर तंबू, हीटर, उजेड आणि कितीतरी जास्त वेळ लागतो.

म्हणून वेल्डिंग, पाण्याची दाबचाचणी, रंग, इन्सुलेशन, केबल, उपकरणांची तपासणी हे सगळं यार्डातच संपवा. साइटवर फक्त मॉड्यूल एकमेकांना जोडायची. 'उरलेलं तिकडे बघू' हे वाक्य कुणी बोललं की तिथल्या तिथे थांबवा.

जोडणीच्या मापांकडे विशेष लक्ष द्या. ३० मीटर लांबीचं मॉड्यूल यार्डात ३० अंशांत मोजलं आणि साइटवर उणे ३० अंशांत बसवायला घेतलं, तर साध्या पोलादात सुमारे २० मिलिमीटरचा फरक पडतो. पाइलवरची बोल्टची भोकं जुळत नाहीत ती यामुळे. प्रत्येक मापासमोर ते किती अंशांत घेतलं हे लिहा.

आता बेळगावातल्या पॅकिंगबद्दल, कारण आपल्या हातात असलेली ही सर्वांत मोठी गोष्ट. जुलैत उद्यमबागेत व्हॉल्व्ह पॅक करताना हवा ओलीचिंब असते. पाण्याची दाबचाचणी झालेली असते. बॉल व्हॉल्व्ह बाहेरून पुसून कोरडा दिसतो, पण बॉल आणि बॉडी यांच्या मधल्या पोकळीत पाणी अडकून राहतं. तो व्हॉल्व्ह तिकडे उणे ४० ला गेला की पाण्याचा बर्फ होऊन फुगतो. सीट (बॉल जिच्यावर टेकतो ती कडी) फाटते, कधी बॉडीलाच चीर जाते. ते टाळण्याचा क्रम:

१. चाचणीनंतर बॉल अर्धा उघडा ठेवून पोकळीतलं पाणी निथळू द्या. पोकळीला ड्रेन प्लग असेल तर तो काढा.
२. कोरडी, तेलविरहित हवा किंवा नायट्रोजन सोडून वाळवा. वर्कशॉपच्या साध्या कॉम्प्रेसरची पावसाळी हवा चालत नाही, तिच्यातच पाणी असतं.
३. उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीत बॉल आणून ठेवा. बहुतेक बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून पाठवतात.
४. दोन्ही तोंडांना गॅस्केटसह झाकणं बसवा. नुसत्या प्लास्टिकच्या टोप्या पुरत नाहीत.
५. आत ओल शोषणाऱ्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड ठेवा, वर गंजरोधक फिल्म गुंडाळा.
६. लाकडी खोक्यावर उष्णताप्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का आहे ना बघा, नाहीतर माल बंदरातच अडकतो.

तपासा: खोकं बंद करण्याआधी आर्द्रतेच्या कार्डाचा फोटो तारखेसह काढा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

टप्पा ६: साइटवरचं वेल्डिंग, काँक्रीट आणि माणसं

अमेरिकेच्या वेल्डिंग संहितेत, एडब्ल्यूएस डी१.१ मध्ये, वेल्डच्या लगतचं तापमान उणे १८ अंशांखाली असताना वेल्डिंगला मनाई आहे. बाहेर उणे ३५ असलं तरी तंबू आणि हीटर लावून आत काम करता येतं. फक्त तंबू उबदार झाला म्हणून धातू उबदार झाला असं नाही. जाड प्लेट आतून बराच वेळ गारच राहते. तापमानाच्या खडूने सांध्याच्या दोन्ही बाजूंना तपासा. आधी ओल उडवून मग ठरलेलं प्रीहीट (वेल्डिंगआधीची ऊब) द्या. इलेक्ट्रोड ओव्हनमधून थेट हातात. बर्फात ठेवलेलं पाकीट बाद.

काँक्रीट ओलं असताना गोठता कामा नये. सुमारे ३.५ मेगापास्कल ताकद येण्याआधी ते गोठलं तर नंतर कितीही जपलं तरी उपयोग नाही. म्हणून जिथे जमेल तिथे तयार भाग आणून बसवणंच बरं.

माणसांबद्दल दोन शब्द मनापासून. आपली मुलं सुती बनियन घालून वर जाड जॅकेट चढवतात. कष्टाच्या कामात घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि थांबल्यावर अंग गारठतं. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल हवं. तापमान उणे २५ आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते उणे ४१ सारखं लागतं, म्हणून कामाचे तास वाऱ्यासकट ठरवा. जोडीजोडीने काम करा आणि एकमेकांचा चेहरा बघत राहा. गालावर किंवा नाकावर पांढुरका, बधिर डाग दिसला की त्याला लगेच आत न्या. त्यावर बर्फ चोळू नका आणि जागा घासूही नका.

टप्पा ७: प्लांट झाकताना वायू कोंडू देऊ नका

थंडीसाठी यंत्रांभोवती भिंती घालतात, बारीक नळ्यांना हीटिंग केबल गुंडाळतात. भिंतीमुळे फिटरला ऊब मिळते, पण गळलेला वायूही आतच साठतो. उघड्यावर वाऱ्याने निघून गेला असता तो स्फोटाइतका दाट होऊ शकतो. म्हणून भिंत, वायुवीजन, गॅस डिटेक्टर आणि आपोआप बंद पडण्याची व्यवस्था हे सगळं एकाच बैठकीत ठरलं पाहिजे. साइटवर कुणी सोयीसाठी ताडपत्री मारून फट बुजवली, तर ती सुरक्षा विभागाला न विचारता मारलेली असता कामा नये.

टप्पा ८: चाचणी, वाळवण आणि आत वायू

साइटवर पाण्याने दाबचाचणी करणं शक्यतो टाळा. करावीच लागली तर ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) मिसळा. ते स्टेनलेसला चालतं का आणि नंतर टाकायचं कुठे, हे आधी ठरवा. हवेने दाबचाचणी करायचा मोह होतो. पण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्यापेक्षा कितीतरी पट असते आणि पाइप फुटला तर तुकडे उडतात. त्यासाठी वेगळी परवानगी आणि मोकळा केलेला परिसर लागतो.

मग वाळवण. उणे १६२ अंशांच्या यंत्रणेत उरलेला पाण्याचा थेंब म्हणजे आत बसणारा बर्फाचा बूच. कोरडा नायट्रोजन सोडून दवबिंदू (आत किती ओल उरली हे सांगणारं तापमान) मोजत राहा, तोही प्रत्येक खालच्या टोकाला आणि आडवाटेच्या फांदीला. मुख्य लाइनचा एक आकडा चांगला आला म्हणून सही करू नका.

वायू आत घेण्याआधी शुद्धीकरणाचा भाग पूर्ण चालू आणि तपासलेला असला पाहिजे. कार्बन डायऑक्साइड साधारण ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भाग) खाली, पाणी १ पीपीएमच्या खाली. पारा तर जवळजवळ शून्य, कारण तो ॲल्युमिनियम खातो. अल्जीरियातल्या स्किक्दा इथे १९७३ मध्ये हीट एक्स्चेंजर याच कारणाने निकामी झाला. तेव्हापासून पारा शोषणारा बेड एक्स्चेंजरच्या आधी असतोच. उशीर होतोय म्हणून तो बायपास करून सुरुवात करण्याची सूचना आली तर लेखी नकार द्या.

टप्पा ९: थंड करणं, सावकाश

आधी ही फेरी मारा: स्प्रिंग सपोर्टच्या वाहतुकीच्या पिना काढल्या का? पाइपच्या सरकत्या बुडांखाली बर्फ किंवा लाकडी ठोकळे अडकलेत का? स्टेनलेस पाइप सामान्य तापमानापासून उणे १६२ पर्यंत जाताना मीटरमागे सुमारे ३ मिलिमीटर आकसतो. १०० मीटरला ३० सेंटिमीटर होतात. वाटेत काही अडकलं तर पाइप स्वतः तुटेल नाहीतर सपोर्ट तोडेल.

आधी थंड वायू, मग थोडा थोडा द्रव. मोठ्या टाकीला साधारण तासाला ३ ते ५ अंशांचा वेग ठेवतात. उत्पादकाची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळा. आडव्या मोठ्या पाइपमध्ये द्रव एकदम सोडला की तळ आकसतो, माथा तसाच राहतो आणि पाइप धनुष्यासारखा वाकतो. म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे तापमापक हवेत आणि त्यांच्यातला फरक पाहूनच झडप उघडायची. थंडीने बोल्टही सैल होतात. ठरलेल्या तापमानांवर थांबून फ्लँज (पाइपांचे बोल्टने आवळलेले सांधे) पुन्हा आवळा आणि त्यांवरचं इन्सुलेशन त्यानंतरच चढवा.

इन्सुलेशनचा बाष्परोधक थर कुठे फाटलाय हे दमट प्रदेशात बाहेर आलेल्या घामावरून कळतं. कोरड्या कडक थंडीत असं काही दिसत नाही. म्हणून पहिल्या थंड फेरीनंतर थर्मल कॅमेऱ्याने प्रत्येक लाइन पाहा, थंड ठिपक्यांवर रंगाने खूण करा आणि उन्हाळ्याची दमट हवा सुरू होण्याआधी ते सगळे बुजवून कॅमेऱ्याने परत एक फेरी घ्या.